सिरुसेरीच्या कोंबड्या आणि माझा एक चुकलेला निकाल

कोंबडीची जात ओळखायची असेल तर मी आधी तिच्या कानाकडे बघते. कोंबडीला कान असतात हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, त्यामुळे हे ऐकून लोक हसतात. डोळ्याच्या मागे, जरा खाली एक छोटी पाळी असते. ती पांढरी असेल तर ती कोंबडी बहुतेक पांढरं अंडं देणार आणि लाल असेल तर तपकिरी. अपवाद आहेत, पण थोडे. कानानंतर तुरा बघायचा. तो करवतीसारखा उभा आहे, की वाटाण्याचे दाणे तीन ओळींत चिकटवल्यासारखा बसका? मग पायाची नळी, तिचा रंग, तिची लांबी. मग उभं राहण्याची ढब. पिसांचा रंग सगळ्यात शेवटी, कारण रंग फसवतो. आणि नेमका तोच बघून लोक कोंबडी विकत घेतात.

माझ्या नोकरीची निम्मी वर्षं अशा फसलेल्या माणसांची समजूत घालण्यात गेली. पुण्याला कुक्कुटपालनाचं शिक्षण घेऊन मी काही वर्षं अंडी उबवणी केंद्रात काम केलं. पुढे यजमानांची केंद्र सरकारी नोकरीत चेन्नईला बदली झाली आणि आम्ही बेझंट नगरच्या वसाहतीत राहायला आलो. तिथे मला एका संस्थेत सल्लागाराचं काम मिळालं. शहराच्या दक्षिणेला, केळंबाक्कमकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा बरेच लोक घरामागे गावठी कोंबड्या पाळायचे. त्यांच्याकडे जायचं, पक्षी तपासायचे, जाती शुद्ध राहतील असं बघायचं, आणि रोग व शिकारी जनावरं यांच्यापासून कळप कसा वाचवायचा ते सांगायचं, हे माझं काम.

त्याच रस्त्यावर सिरुसेरीला आयटी पार्क उभा राहत होता ते दिवस. काचेच्या इमारती वर येत होत्या आणि त्यांच्या सावलीत अजून शेळ्या चरत होत्या. एका शनिवारी तिथल्या एका कंपनीतलं तरुण मराठी जोडपं माझा पत्ता काढत आलं. तो नाशिकचा, ती साताऱ्याची. हातात कॉम्प्युटरच्या मॉनिटरचं खोकं, त्याला सुरीने पाडलेली भोकं आणि आत एक काळी कोंबडी. रस्त्यावरच्या विक्रेत्याने कडकनाथ म्हणून दिली होती. महिना झाला तरी अंडी काही काळी येत नाहीत, म्हणून त्यांना शंका आली होती. मी त्यांना सांगितलं की अस्सल कडकनाथचंही अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. मग कोंबडीची चोच उघडून दाखवली. कडकनाथची जीभसुद्धा काळपट असते. हिची छान गुलाबी होती. तो खट्टू झाला. त्याच्या बायकोने मात्र कोंबडी पुन्हा खोक्यात ठेवली आणि म्हणाली की आता तिला सोना हे नाव पडलंय, त्यामुळे जात कुठलीही असली तरी ती आमच्याकडेच राहणार.

अशा निकालांत मी सहसा चुकत नसे. हे मी फुशारकीने सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी चांगलीच चुकले होते.

सिरुसेरीच्या त्या पार्काच्या मागच्या अंगाला आरुमुगम सारांची वाडी होती. सार म्हणजे गणिताचे निवृत्त मुख्याध्यापक. तिकडे मास्तरांना सगळे सारच म्हणतात. नारळ, सुरूची झाडं आणि त्यांखाली मोकळ्या फिरणाऱ्या शंभरेक कोंबड्या. तमिळ लोक त्या जातीला पेरुविडै म्हणतात, म्हणजे मोठ्या चणीची गावठी. उंच पाय, ताठ मान, बसका तुरा आणि बघण्यात असा रुबाब की आपणच जरा बाजूला व्हावं. हा कळप सारांच्या वडिलांपासून चालत आला होता. बाहेरचा कोंबडा त्यांनी कधी आत येऊ दिला नव्हता. त्या भागात इतका निर्मळ कळप मी दुसरा पाहिला नाही. तिथला एकेक पक्षी मी तपासून, पायात नंबराची पट्टी घालून वहीत उतरवला होता.

कळप सांभाळायची शेल्वी. चाळिशीची, सडपातळ, कमी बोलणारी. जवळच्याच वस्तीत एकटी राहायची. सकाळी दहाला खुराडी उघडायची, चार वाजेपर्यंत कोंबड्या चरवायच्या आणि मोजून आत घ्यायच्या. ती नंबर बघत नसे. पाठमोरी कोंबडी नुसत्या चालीवरून ओळखायची. मला जात ओळखता यायची, तिला कोंबडी ओळखता यायची. हा फरक मला तेव्हा फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता.

एका उन्हाळ्यात कोंबड्या कमी व्हायला लागल्या. एक गेली, दोन दिवसांनी दुसरी, मग तिसरी. पंधरवड्यात पाच गेल्या, त्याही चांगल्या अंगावर आलेल्या, अंड्यावरच्या. सारांनी मला बोलावून घेतलं.

इथे थोडं धंद्यातलं सांगते. कोंबडी कोणी मारली हे मागे राहिलेल्या खुणांवरून कळतं. मुंगूस मान फोडतं आणि धड तिथेच टाकतं, शिवाय एका वेळी एकावर थांबत नाही. कुत्र्यांनी धुमाकूळ घातला असेल तर वाडीभर पिसं उडालेली दिसतात. उदमांजर रात्री छपरातून उतरतं. घार पिल्लं उचलते, मोठ्या कोंबडीच्या वाट्याला सहसा जात नाही. धामण अंड्यांवर आणि पिल्लांवर भागवते. हे सगळं मी शिबिरांतून शेकडो वेळा सांगितलं होतं आणि बायका ते वहीत लिहूनही घ्यायच्या.

सारांच्या वाडीत मी कोपरान् कोपरा पाहिला. पिसं नाहीत, रक्त नाही, खुराड्याची जाळी शाबूत. संध्याकाळी मोजून आत घेतलेल्या तेवढ्याच सकाळी बाहेर निघायच्या, म्हणजे कोंबड्या दिवसाच जात होत्या. दिवसा वाडीत शेल्वीशिवाय कोणी नसे. सारांनी विचारलं, कोणतं जनावर असेल? मी वही मिटली आणि म्हणाले, "अडीच किलोची कोंबडी एक पीस न सांडता नेईल असं जनावर मला माहीत नाही. हे जनावराचं काम नाही."

एवढंच म्हणाले. कुणाचं नाव घेतलं नाही. शेल्वी दाण्याचा डबा हातात घेऊन चार पावलांवर उभी होती. तिने डबा खाली ठेवला, कोंबड्यांना हाकायची काठी भिंतीला टेकवली आणि फाटकातून निघून गेली. सारांनी तिला थांबवलं नाही. मीही नाही. परतीच्या बसमध्ये मला जरा चुटपुट लागली, पण निकाल बरोबर दिल्याचं समाधानही होतं. हे लिहायला आज बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर बातमी पसरली की पुण्याकडच्या मॅडमनी कोंबडीचोर पकडला. सार स्वतः खुर्ची टाकून वाडीत बसू लागले. चार दिवस काही झालं नाही आणि पाचव्या दिवशी दुपारी, ते तिथे बसलेले असताना, एक कोंबडी गेली. त्यानंतर आठवड्यात आणखी तीन.

सारांचा फोन आला तेव्हा मी वही उघडून हिशेब मांडला. नऊ कोंबड्या गेल्या होत्या, आणि त्याशिवाय एका बाईची अब्रू.

चेन्नईतच तिरुवल्लिकेणीला गोविंदराव नावाचे एक वयस्कर गृहस्थ राहायचे. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी, वर तमिळचा हेल. मी अडले की त्यांच्याकडे जायची. त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. पिसं कशी नव्हती, खुणा कशा नव्हत्या, मी काय म्हणाले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जनावर दिसलें नाहीं म्हणजे जनावर नाहीं, हें कोण सांगितलें तुम्हांस? किती घटका बसून पाहिलांत?"

मी बसलेच नव्हते. तासभर फिरून, वही भरून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी दहाला मी वाडीत गेले आणि सुरूच्या झाडाखाली स्टूल टाकून बसले. चार वाजेपर्यंत हलले नाही. चेन्नईच्या मे महिन्यात बाहेर बसणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी एक घार आली. कोंबड्याने बारीक लांब शीळ घातली आणि सगळा कळप जागच्या जागी गोठला. आकाशातल्या शत्रूसाठी कोंबड्याची हाक वेगळी आणि जमिनीवरच्यासाठी वेगळी असते. जमिनीवरचा दिसला तर तो कटकट करून वाडी डोक्यावर घेतो. घार दोन चकरा मारून गेली. हाही दिवस तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी एकच्या पुढे ऊन असं तापलं की कोंबड्या चोची उघडून धापा टाकायला लागल्या. वाडीच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी होती. ती गळायची, त्यामुळे तिच्याभोवती गुडघाभर गवत माजलं होतं आणि खाली चिखल झाला होता. काही कोंबड्या भांड्यातलं गरम झालेलं पाणी सोडून तिथे जात. एक तांबूस कोंबडी त्या चिखलात चोच घालून पाणी पीत होती. आणि गवतातूनच काहीतरी उठलं.

मी स्टुलावरून उभी राहीपर्यंत सगळं संपलं होतं. घरच्या मांजरापेक्षा जरा मोठं, मातकट रंगाचं, लांब पायांचं एक मांजर. शेपूट आखूड, टोकाशी काळी वलयं. त्याने कोंबडीची मान धरली ती नेमकी, त्यामुळे ती फडफडलीसुद्धा नाही. मान उंच करून, कोंबडी तोंडात धरून ते झावळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलं. कोंबडे ओरडले, पण नंतर. मी टाकीजवळ धावले. मानेवरची तीन छोटी पिसं चिखलात पडली होती. मी बघत असतानाच दुसऱ्या कोंबड्या परत पाण्यावर आल्या आणि त्यांच्या पायांखाली ती पिसं चिखलात गाडली गेली.

ते रानमांजर होतं. ते दिवसाही शिकार करतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्या शिबिराच्या यादीत मात्र ते नव्हतं, कारण मी ते कधी पाहिलंच नव्हतं. आयटी पार्कासाठी आजूबाजूची काटेरी झुडपं साफ झाली होती आणि त्याला राहायला जागा उरली नव्हती.

कुंपणापलीकडे नव्या रस्त्याच्या गटारासाठी सिमेंटचे मोठे पाइप रचून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सारांना घेऊन मी तिथे गेले. चौथ्या पाइपात वाकून पाहिलं तर आत पिसांचा थर. मी गुडघ्यावर बसून ती पिसं निवडली. तांबूस मानेची, काळ्या शेपटीची, एक करड्या ठिपक्यांची. माझ्या वहीतल्या एकेका कोंबडीचं वर्णन तिथे पसरलेलं होतं. हाडांमध्ये पायातल्या पट्ट्या सापडल्या, सात. नंबर मी मोठ्याने वाचले आणि सारांनी वहीत खुणा केल्या. पहिल्या पंधरवड्यातल्या पाचही त्यात होत्या. पाइपाच्या आतल्या टोकाकडून फिस्कारल्याचा आवाज आला. तीन पिल्लं होती.

सारांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले की तुम्ही तिच्याकडे जा, मला जमणार नाही. आयुष्यभर मुलांच्या चुका दुरुस्त केलेला माणूस. त्यांच्याबद्दल मला राग आला नाही, कारण निकाल त्यांनी नव्हता दिला.

शेल्वी घराच्या दारात खराट्यासाठी नारळाच्या झावळीचे हीर काढत बसली होती. मी सातही पट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या, काय पाहिलं ते सांगितलं आणि म्हटलं की माझी चूक झाली, मला माफ कर. माझी तमिळ तेव्हाही अडखळतीच होती. तिने पट्ट्यांना हात लावला नाही. हातातला हीर पूर्ण सोलून झाल्यावर म्हणाली, "अम्मा, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. घेतलं असतं तर मी तिथेच उत्तर दिलं असतं."

 मग तिनेच सांगितलं की बोलणं चहाच्या टपरीवर पोचलंय, तेव्हा ते तिथेच पुसलं गेलं पाहिजे. इथे दारात माफी मागून तिचा काही उपयोग नाही.

त्या संध्याकाळी मी टपरीवर गेले. कामावरून सुटलेले मजूर, सुरक्षारक्षक, दूधवाले, मिळून पंधरावीस माणसं होती. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी सांगितलं की सारांच्या कोंबड्या रानमांजराने नेल्या, शेल्वीने नाही. आणि ती चोर आहे असा अर्थ निघेल असं बोलणारी मी होते. क्रियापदं चुकली असतील. कोणी हसलं नाही. शेल्वी रस्त्यापलीकडे उभी राहून ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर ती निघून गेली आणि सकाळी दहाला वाडीत हजर झाली.

मग आम्ही दोघींनी कळपाचा बंदोबस्त केला. मला माहीत होतं ते मी सांगितलं. कुंपणाला बारीक जाळी मारायची, ती हातभर जमिनीत गाडायची आणि खालची कड बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे उकरणारं जनावर जाळीवरच अडतं. कुंपणालगत चार हात जमीन तासून साफ ठेवायची, दबा धरायला गवत नको. चार गिनी कोंबड्या आणल्या. अनोळखी काही दिसलं की त्या असा गोंगाट करतात की शेजारचं ऑफिससुद्धा खिडकीत येतं. पण टाकीचं काम पहिलं करायचं हे शेल्वीने सांगितलं. मी कारण विचारलं, तेव्हा ती सहज म्हणाली की गेलेल्या सगळ्या कोंबड्या दुपारी टाकीवर पाणी पिणाऱ्याच होत्या. भांड्यात पिणारी एकही गेली नव्हती. टाकी गळते हे तिने सारांना दोनदा सांगितलंही होतं. गेलेल्या कोंबड्या पाणी कुठे प्यायच्या हे मात्र तिला कोणी विचारलं नाही.

मी तर तिला काहीच विचारलं नव्हतं. आल्या आल्या मी जमीन बघायला लागले होते.

पाइपांच्या मुकादमाला विनंती केली आणि त्याने तो ढीग महिनाभर हलवला नाही. पिल्लं मोठी झाली आणि मांजर त्यांना घेऊन कुठेतरी गेलं. पुढे ते पुन्हा दिसलं नाही. तेवढी हळहळ मला आहे. आमच्या आधी ते तिथलं होतं. वाडीतून मात्र त्यानंतर एकही कोंबडी गेली नाही. शिबिरांत मी माझी यादी बदलली आणि पहिला मुद्दा हा घातला की कळप जो रोज पाहतो त्याला आधी विचारा, आणि मग खुणा बघा. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज तेच सांगतात, हे ऐकून बरं वाटतं.

दहाएक वर्षांत रस्ता सहापदरी झाला, दोन्ही बाजूंना उंच इमारती आल्या आणि सारांच्या मुलांनी वाडी विकायचं ठरवलं. कळपाचं काय करायचं हा प्रश्न होता. शुद्ध जात मोडू नये म्हणून पक्षी वाटून द्यायचे ठरले, आणि कोणाला द्यायचे हे ठरवायला मी शेल्वीला सांगितलं. जातीचे दाखले मी लिहिले. घरं मात्र तिने पारखली. मागणाऱ्या प्रत्येकाच्या अंगणात ती स्वतः जाऊन आली. कोणाकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, कोणाकडे दहा. दोन मोठ्या पुढाऱ्यांना तिने सरळ नाही म्हटलं, कारण त्यांच्याकडे मोकाट कुत्री होती. वीस पक्षी तिने स्वतःकडे ठेवले.

सगळ्यात शेवटी सारांनी मागितल्या. ते मुलाबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते आणि पहाटे उठून त्यांना काही सुचत नव्हतं. दोन कोवळ्या तलंगा तरी दे, अजून अंड्यावर यायच्या असल्या तरी चालतील, म्हणाले. शेल्वीने विचारलं, जागा कुठली? गच्ची. वर जाळी आहे? नाही. मग ती म्हणाली की गच्चीवर घार उतरते, जाळी मारून घ्या, मी येऊन बघेन.

पंधरा दिवसांनी रविवारी आम्ही दोघी सारांकडे गेलो. शेल्वीच्या डोक्यावर डालगं, त्यात दोन तलंगा. तिसरा मजला, लिफ्ट बंद. सारांनी हौसेने सुताराकडून पिंजरा करून घेतला होता, वर जाळी, आत पाण्याचं भांडं, दाण्याचं भांडं. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. शेल्वी बसली नाही. तिने पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, आणि मागच्या कोपऱ्यात दोन बोटं घालून जाळी ओढली. खिळा सैल होता. जाळी तिच्या हातात आली.

सारांनी चष्मा काढून पुसला. शेल्वीने डालगं पुन्हा डोक्यावर घेतलं.

"पुढच्या रविवारी येते, सार," ती म्हणाली.

"बरं अम्मा," सार म्हणाले, "तोवर नीट ठोकून ठेवतो."